खिडकी की आयल, हे नंतर ठरवू

प्रश्न: आम्ही दोघं पुण्याचे. माझं वय 65, यांचं 70. लेक लंडनला असते. उन्हाळ्यात तिच्याकडे जायचं आहे आणि जावयांनी हट्टाने बिझनेस क्लासचं तिकीट काढायचं ठरवलं आहे. आठ महिन्यांपूर्वी माझा उजवा गुडघा बदलला. यांना प्रोस्टेटमुळे दर दीड-दोन तासांनी उठावं लागतं. मुंबईहून थेट विमान हवं. एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक असे तीन पर्याय पुढे आलेत. एजंट म्हणतो, डोळे झाकून पहिली रांग घ्या. लेक म्हणते विंडो घे, हे म्हणतात आयल. शेजारी शेजारी बसता आलं तर बरं. सीट निवडायला वेगळे पैसे मागतात, ते भरावेत का? काही सुचत नाही.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर:

काकू, पहिली रांग एवढ्यात घेऊ नका, आणि विंडो-आयलचा वादही थोडा बाजूला ठेवा. बिझनेस क्लास म्हणजे एकच एक ठरावीक सीट असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या दोन विमानांत दोन तऱ्हा असतात. एकीत प्रत्येकाला थेट आयलमध्ये, म्हणजे सीटांमधल्या चालायच्या वाटेत, उतरता येतं, तर दुसरीत शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर पडावं लागतं. भाडं मात्र दोन्हींचं जवळपास सारखंच. तुमचा गुडघा आणि काकांच्या फेऱ्या लक्षात घेता सगळा खेळ इथेच आहे.

म्हणून पहिलं काम: त्या फ्लाइटला कोणतं विमान लावलंय ते बघा. बुकिंगच्या पानावर ‘एअरक्राफ्ट’ असं लिहिलेलं असतं, किंवा एजंटच्या पडद्यावर तीन अक्षरांचा कोड दिसतो. 788 म्हणजे बोइंग 787-8, 789 म्हणजे 787-9, 77डब्ल्यू म्हणजे 777-300ईआर, 351 म्हणजे एअरबस ए350-1000. एजंटला सरळ विचारा, ‘इक्विपमेंट कोड काय दाखवतोय?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाकडून आला की एजंटही जरा सावरून बसतो.

दुसरं काम: सीट मॅप उघडून बिझनेसच्या एका रांगेत किती सीटा आहेत ते मोजा. नावं, फोटो, जाहिराती, सगळं विसरून नुसतं मोजायचं. चार असतील तर मांडणी एक-दोन-एक, म्हणजे प्रत्येकाला आयल. तीन असतील तर एक-एक-एक, इथेही प्रत्येकाला आयल. सहा असतील तर दोन-दोन-दोन, म्हणजे खिडकीकडचे दोघे अडकलेले. सात (दुबईमार्गे जाणाऱ्या एमिरेट्सच्या जुन्या मांडणीच्या 777 मध्ये दिसतात) म्हणजे मधल्या तिघांतला मधला बिचारा बिझनेसचं भाडं भरून मधल्या सीटवर. आठ असतील तर ब्रिटिश एअरवेजची जुनी मांडणी, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

कंपनीच्या संकेतस्थळावरचा नकाशा मोजायला पुरतो, पण त्यात खिडक्या नेमक्या कुठे आहेत, टॉयलेट सीटला किती खेटून आहे, हे नीट कळत नाही. त्यासाठी ‘एरोलोपा’ हे संकेतस्थळ बघा. तिथे विमानांचे आराखडे प्रमाणात काढलेले असतात आणि कोणत्या सीटशेजारी खिडकीऐवजी कोरी भिंत आहे, तेही दिसतं. ‘सीटगुरू’ची शिफारस अजून खूप जण करतात, पण त्यावरची माहिती फार जुनी झाली होती. तिच्यावर विसंबू नका.

आता तुमचे तीन पर्याय.

ब्रिटिश एअरवेजमध्ये दोन जगं आहेत. 2019 मध्ये ए350 बरोबर त्यांनी ‘क्लब स्वीट’ आणलं: एक-दोन-एक, प्रत्येक सीटला छोटं सरकतं दार, पूर्ण आडवी होणारी 79 इंची, म्हणजे साधारण साडेसहा फुटी गादी. हे मिळालं तर तुमचं निम्मं काम झालं. पण त्याआधीची ‘क्लब वर्ल्ड’ मांडणी अजून सगळ्या विमानांतून गेलेली नाही. जुन्या 777 मध्ये रांगेत आठ सीटा, त्यातल्या निम्म्या पाठमोऱ्या. खिडकीजवळची सीट विमानाच्या शेपटाकडे तोंड करून असते, आणि तिथून बाहेर पडायचं तर आयलवाल्याने झोपताना लांबवलेले पाय ओलांडावे लागतात. तेही त्याच्या पायाखालच्या स्टुलावरून, अंधारात, चालत्या विमानात. गुडघा बदललेल्या माणसाने हे करू नये आणि दर दोन तासांनी उठणाऱ्यानेही करू नये. केबिनच्या टोकाच्या काही खिडकीच्या सीटांना मोकळी वाट असते, पण त्या नेमक्या जाणकार प्रवासी आधीच उचलतात. तेव्हा नकाशात रांगेत चार सीटा दिसल्या तर पुढे जा. सात-आठ दिसल्या आणि त्यातल्या काही उलट्या तोंडाच्या असल्या, तर त्याच कंपनीची दुसऱ्या वेळेची किंवा दुसऱ्या दिवशीची फ्लाइट बघा.

व्हर्जिनच्या 787-9 मध्ये रांगेत तीनच सीटा. ऐकायला छान वाटतं. पण त्या तिरक्या लावलेल्या आहेत: खिडकीजवळच्या माणसाची पाठ खिडकीकडे आणि पाय आयलकडे. बाहेर बघायचं तर मान मोडून बघायचं. तुमच्यासाठी त्याहून मोठी अडचण म्हणजे ही सीट बटण दाबून आडवी होत नाही. झोपायचं ठरलं की उभं राहायचं, मग पाठ पुढे उलटून तिची गादी होते. परत बसायचं तर पुन्हा उभं राहायचं. क्रू हे करून देतो, त्यात संकोच नको, पण जराशी पाठ टेकून पडले आणि डोळा लागला, असं इथे होत नाही. शिवाय मधली रांगही एकेरीच असल्यामुळे शेजारी शेजारी बसणं नाही. फार तर मधल्या रांगेचं तोंड ज्या आयलकडे आहे त्या बाजूला एकाने मधली आणि एकाने खिडकीची सीट घ्यायची, म्हणजे आयलच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांची तोंडं दिसतात. एकट्या प्रवाशाला हे नकोसं होतं, तुम्हाला कदाचित चालेल. गप्पांमधून ट्रॉली जाईल, तेवढं सोसा.

एअर इंडियाचं चित्र बदलतं आहे. जुन्या 787-8 मध्ये रांगेत सहा सीटा, दोन-दोन-दोन. ‘विस्तारा’ ही विमानकंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिची 787-9 विमानंही ताफ्यात आली. त्यांत रांगेत चार सीटा आहेत. जुन्या विमानांचं आतलं काम टप्प्याटप्प्याने नवं होत आहे. म्हणजे इथे मोजल्याशिवाय काहीच गृहीत धरता येत नाही. सहा सीटांचंच विमान आलं तरी हताश होऊ नका: मधली जोडी घ्या. मधल्या दोघांनाही आपापला आयल असतो, कुणी कुणाला ओलांडत नाही. खिडकीची जोडी घेतलीत तर तुमच्यापैकी एकाला दुसऱ्यावरून जावं लागेल. काकांना आत बसवलंत तर रात्रभर तुम्ही उठणार. तुम्ही आत बसलात तर तुमच्या गुडघ्याला त्यांच्या पसरलेल्या पायांवरून झेप घ्यावी लागणार. चाळीस वर्षांचा संसार असला तरी हे जमत नाही.

आमचं मत विचाराल तर: ब्रिटिश एअरवेज, पण फक्त क्लब स्वीट असलेलं विमान. त्यात मधली जोडी. आणि त्या जोडीत उजवीकडची सीट तुमची, डावीकडची काकांची.

उजवी का, ते सांगतो, कारण ही गोष्ट एजंट सांगत नाहीत. क्लब स्वीटच्या मधल्या सीटा एकमेकींकडे किंचित कललेल्या असतात. डोकं आयलकडे, पाय मध्याकडे. उजव्या सीटवर बसलात की आयल तुमच्या उजव्या हाताला येतो, म्हणजे बदललेला गुडघाही बाहेरच्या बाजूला. आयलकडचा आर्मरेस्ट खाली दाबला की त्या बाजूला जागा मोकळी होते, पाय थोडा बाहेर काढून सरळ ठेवता येतो, आणि उठताना आधी तोच पाय जमिनीवर टेकतो. डाव्या सीटवर हाच पाय दोघांच्या मधल्या भिंतीकडे अडकतो आणि उठताना तुम्हाला पूर्ण वळावं लागतं. हाच हिशेब खिडकीच्या सीटांना लावायचा तर उजव्या गुडघ्यासाठी विमानाची डावी बाजू, म्हणजे ‘ए’ अक्षराची सीट बरी. पुढे तोंड करून बसल्यावर ‘ए’ नेहमी डावीकडे असते, आणि ‘के’ किंवा ‘एल’ उजवीकडे.

मधल्या जोडीचा आणखी एक फायदा. दोघांच्या मधला पडदा खाली सरकवता येतो. काकांनी गोळी घेतली का हे विचारायला उठायला नको, आणि रिमोट कुणाला कळला नाही तर दुसरा आहेच. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी मात्र तो पडदा आणि दारं यांबाबत क्रू सांगेल तसं करा.

लेकीचा विंडोचा आग्रह प्रेमापोटी आहे, पण रात्रीच्या फ्लाइटला खिडकीत काळोखाशिवाय काही नसतं. दिवसाची फ्लाइट असेल आणि बाहेर बघायची खरंच हौस असेल, तर जाताना उजवी बाजू घ्या. मुंबईहून लंडनला विमान वायव्येकडे जातं, दुपारचं ऊन डाव्या खिडक्यांतून येतं. इथे गुडघ्याची सोय आणि उन्हाची सोय उलट पडतात. आम्ही गुडघ्याचं ऐकलं असतं.

आता रांग. पहिल्या रांगेची शिफारस अगदीच खोटी नाही. बिझनेसमध्ये झोपताना पाय जातात ते पुढच्या सीटच्या बाजूला असलेल्या एका कोनाड्यात. बहुतेक सीटांचा हा कोनाडा टोकाला निमुळता होतो, आणि पाय सुजले असतील किंवा कुशीवर झोपायची सवय असेल तर तिथेच अडचण होते. पहिल्या रांगेपुढे सीट नसून भिंत असते, म्हणून काही विमानांत तिथला कोनाडा चांगला रुंद मिळतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या 777-300ईआर मध्ये 11 आणि 19 या रांगांसाठी जाणकार धडपडतात, ते याचसाठी. पण त्याच भिंतीवर तान्ह्या बाळाचा पाळणा लावायची सोय असते. भिंतीपलीकडे बहुधा गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) किंवा टॉयलेट असतं: रात्रभर ट्रॉलीचे खटके, चहाच्या भांड्यांचे आवाज, पडदा सरकला की डोळ्यांवर उजेड, आणि दर थोड्या वेळाने तो फ्लशचा फुस्स आवाज. तुमची पर्सही तिथे पायाशी ठेवू देत नाहीत, टेकऑफ-लँडिंगला वरच्या कप्प्यात जाते. औषधं, चष्मा, रुमाल, सगळं वर. तेव्हा आराखडा बघून पहिल्या रांगेपुढे नेमकं काय आहे ते कळलं, आणि तिथला कोनाडा खरंच मोठा आहे याची खात्री झाली, तरच ती घ्या.

काकांसाठी टॉयलेटपासून दोन ते चार रांगा हे अंतर बरं. त्याहून जवळ गेलात तर टॉयलेटसाठी थांबलेली माणसं तुमच्या सीटच्या कठड्याला रेलून उभी राहतात. शेवटची रांगही टाळा: जेवण तिथे शेवटी येतं आणि मेन्यूतला हवा तो पदार्थ संपलेला असू शकतो. काही विमानांत बिझनेसच्या दोन केबिन असतात, एक मोठी आणि एक दोन-तीन रांगांची लहान. लहान केबिन सहसा शांत असते, पण तिला गॅली खेटून नाही ना, ते बघा.

पैसे भरावेत का? ब्रिटिश एअरवेजच्या बहुतेक बिझनेस तिकिटांवरही आगाऊ सीट निवडायला पैसे पडतात. चेक-इन सुरू झालं, म्हणजे सुटायच्या 24 तास आधी, की फुकट. एकटा प्रवासी सहसा खिडकीच्या सीटा आधी घेतो, त्यामुळे एक-दोन-एक विमानात मधल्या जोड्या बरेचदा उशिरापर्यंत रिकाम्या राहतात. सगळं ठीकठाक असलेल्या जोडप्याला आम्ही थांबा असंच म्हटलं असतं. तुम्हाला मात्र ठरावीक बाजूची सीट हवी आहे, तेव्हा आधी पैसे न भरता कंपनीला फोन करा. गुडघ्याची शस्त्रक्रिया, व्हीलचेअरची गरज आणि त्यामुळे हवी असलेली सीट, हे एकदम सांगा. युरोप आणि ब्रिटनच्या नियमांनुसार (मूळ नियम 1107/2006) चालण्या-फिरण्याची अडचण असलेल्या प्रवाशाची गरज लक्षात घेऊन सीट द्यायचा प्रयत्न करणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि मदतीसाठी पैसे घेता येत नाहीत. त्यासाठी निदान 48 तास आधी कळवावं लागतं. फोनवर काही निघालं नाही, तर पैसे भरून टाका. एवढ्या भाड्यापुढे ती रक्कम अडवून धरण्यासारखी नाही.

फोन करताना कंपनीचा पीएनआर हातात ठेवा. एजंट देतो तो कधी कधी त्याच्या यंत्रणेचा सहा अक्षरी क्रमांक असतो आणि विमानकंपनीच्या ॲपमध्ये तो चालत नाही. ‘एअरलाइन पीएनआर द्या’ म्हणून मागून घ्या. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याचं असेल, तर ज्याचं विमान उडणार आहे त्याचा क्रमांक लागतो. सीट त्याच्याच यंत्रणेत मिळते.

व्हीलचेअर सांगताना कोड नीट नोंदवायला सांगा. जिने चढता येतात पण विमानतळावरचं लांब अंतर चालवत नाही, यासाठी डब्ल्यूसीएचआर. जिना चढवत नाही, पण केबिनमध्ये चालता येतं, त्याला डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं त्याला डब्ल्यूसीएचसी. एजंट घाईत कोणताही टाकतात. शेवटचा चुकून पडला तर विमानतळावर नको ते प्रश्न सुरू होतात. व्हीलचेअर घेतलीत की इमर्जन्सी एक्झिटजवळची सीट मिळत नाही, त्यामुळे ती मुळात निवडूच नका. निवडलीत तर ऐन वेळी हलवतील, आणि तेव्हा शिल्लक असेल ती मिळेल.

सीट मिळाली म्हणून विसरू नका. विमान बदललं की यंत्रणा प्रवाशांना नव्या नकाशात आपोआप बसवते, आणि जोड्या तुटतात. तिकीट काढल्यावर एकदा, मग सात दिवस आधी, तीन दिवस आधी आणि चेक-इन उघडल्यावर, अशी पाहणी करा. खूण सोपी आहे: न सांगता तुमच्या सीटचा आकडा किंवा अक्षर बदललं असेल, तर बहुधा विमानच बदललंय. मग पुन्हा रांगेतल्या सीटा मोजायच्या. पैसे भरून घेतलेली सीट त्यांनी काढून घेतली असेल तर ते पैसे परत मागा.

विमानात बसल्यावर दोन-तीन गोष्टी. काही बिझनेस सीटांच्या पट्ट्यात एअरबॅग असते, म्हणून तो जाड आणि जड लागतो. त्याला जोडपट्टा लावता येत नाही, तेव्हा पट्टा अपुरा पडेल असं वाटत असेल तर तेही फोनवर आधी सांगा. आडव्या झालेल्या सीटवरून थेट उठायचा प्रयत्न करू नका. गादी झाली की सीट नेहमीपेक्षा बरीच खाली असते आणि गुडघ्यावर एकदम भार येतो. आधी बटण दाबून पाठ वर आणा आणि सीट उंच होऊ द्या. मग कोनाड्यातून पाय काढून दोन्ही पावलं जमिनीवर टेका, मिनिटभर बसा, आणि सीटच्या कडेला धरून उभ्या राहा. सरकत्या दाराला किंवा टीव्हीच्या चौकटीला धरू नका, ती भार घेण्यासाठी नसतात. रात्री झोपताना आयलकडचा आर्मरेस्ट खालीच राहू द्या.

पूर्ण आडवी गादी मिळाली म्हणून नऊ-दहा तास पडून राहू नका. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात म्हटलं आहे. धोका मुळात लहान असला तरी सांधा बदललेल्यांनी जास्त जपायचं. काकांच्या फेऱ्या इथे उपयोगी पडतील: त्यांच्या दर दुसऱ्या फेरीला तुम्हीही उठा. दाबाचे मोजे घालायचे का, रक्त पातळ करणारी गोळी हवी का, हे तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्याकडूनच गुडघ्यात धातू असल्याची चिठ्ठीही घ्या, कारण सुरक्षा तपासणीत तो वाजणार.

जेवण शाकाहारी हवं असेल तर निदान दोन दिवस आधी ‘एव्हीएमएल’ म्हणून नोंदवा. कांदा-लसूण नको असेल तर ‘व्हीजेएमएल’, म्हणजे जैन जेवण. विशेष जेवणाचे ट्रे सहसा आधी वाटतात, त्यामुळे मागची रांग मिळाली तरी उपाशी राहणार नाही. प्रवासाच्या दिवशी संकष्टी आली तर साबुदाणा काही मिळायचा नाही. फळांच्या थाळीचा कोड आहे, ‘एफपीएमएल’.